गोलकीपर पुढे हेड कोच होऊ शकतो का? भाच्यासाठी विचारणाऱ्या मामांना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकत असेन तर सांगा. भाचा २० वर्षांचा, इथेच बडोद्यात, कॉलेजच्या टीममध्ये दुसरा गोलकीपर. मागच्या सीझनला त्याला दोनच मॅच मिळाल्या. पुढे त्याला एखाद्या टीमचा हेड कोच व्हायचंय, आणि ग्राउंडवरच्या कोणी मोठ्या माणसाने त्याला सांगून टाकलं की कीपर माणूस फार तर कीपर कोच होतो, पूर्ण टीम त्याच्या हातात कोणी देत नाही. तेव्हापासून तो इटलीचा जुना गोलकीपर आणि नंतरचा कोच दिनो झॉफ याचं करिअर वाचत बसलाय आणि विचारतोय की झॉफला जमलं तर मला का नाही. तुम्हाला मामा म्हणून कळत नाहीये की त्याला अजून खेळू द्यावं का आतापासून कोचिंगच्या लायसन्सच्या मागे लावावं.

मी स्वतः कीपर. कंपनीच्या टीमकडून अकरा सीझन खेळलो, खांदा गेला तेव्हा थांबलो, आणि आता बावीस वर्षं मुलांना शिकवतोय, त्यातली पहिली काही वर्षं फक्त कीपर्सना आणि नंतर पूर्ण टीमला. म्हणजे तुमचा भाचा ज्या वाटेबद्दल विचारतोय ती छोट्या प्रमाणात मी चाललोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, होऊ शकतो का याचं उत्तर सरळ हो आहे, आणि त्याची उदाहरणं खाली देतोच. पण खरा प्रश्न तो नाहीये. खरा प्रश्न हा की दहा वर्षं गोलमध्ये उभं राहून माणूस काय शिकतो आणि काय शिकायचं त्याचं राहूनच जातं. जे राहून जातं ते त्याने स्वतःहून भरून काढलं तर तो हेड कोच होतो, नाही काढलं तर मग ते ग्राउंडवरचे गृहस्थ म्हणतात तसंच होतं. त्यांचं निरीक्षण चुकीचं नाहीये, कारण मात्र त्यांनी सांगितलं नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत त्या आधीच सांगतो. त्याची उंची किती, तो खरंच वरच्या लेव्हलला खेळू शकेल का, घरात पैशाची घाई किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला बारा-तेरा वर्षांच्या पोरांबरोबर रोज सकाळी सहाला उभं राहायला आवडतं का, हे मला इथून दिसत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल तर बाकी काहीच कामाचं नाही.

आता ते राहून जाणं म्हणजे काय. मी खेळायचो तेव्हा रोजची प्रॅक्टिस एकाच वाक्याने सुरू व्हायची, "कीपर्स तिकडे जा." मग आम्ही दोघं-तिघं मागच्या गोलकडे जायचो, एकमेकांना बॉल मारायचो, डाइव्ह, क्रॉस, पंच, परत डाइव्ह, आणि शेवटची वीस मिनिटं मॅच खेळायला बोलवायचे. म्हणजे अकरा वर्षांत आमच्या कोचने मिडफिल्डला काय शिकवलं ते मी कधी जवळून ऐकलंच नाही. मॅचमध्ये पूर्ण ग्राउंड मला दिसायचं, कोण कुठे चुकतोय ते मी ओरडून सांगायचो आणि बहुतेक वेळा बरोबरही असायचो, त्यामुळे मला वाटायचं मला खेळ कळतो.

तो कळत नव्हता हे मला पहिल्यांदा अंडर फिफ्टीनची टीम हातात आली तेव्हा समजलं. नवलखीच्या मोकळ्या मैदानात आमची प्रॅक्टिस असायची. मी काय केलं, डिफेन्सची लाइन तिथे लावली जिथे कीपर म्हणून मला सुरक्षित वाटायचं, म्हणजे पेनल्टी बॉक्सच्या अगदी तोंडाशी. क्लिअर केलेला प्रत्येक बॉल समोरच्या टीमलाच मिळत होता कारण मध्ये आमचं कोणी नव्हतंच, आणि पहिल्याच टूर्नामेंटमध्ये आम्ही पाच गोल खाल्ले. मॅचनंतर मिडफिल्डला खेळणारा एक पोरगा, फार शांत मुलगा होता, माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मला बॉल मिळतो तेव्हा पुढे कोणीच नसतं आणि मागचे लांब असतात, मी देऊ कोणाला?" मला उत्तर आलं नाही. बॉल आपल्या पायात आहे, पाठीवर माणूस आहे आणि दीड सेकंदात ठरवायचंय, ही वेळ माझ्यावर आयुष्यात कधी आलीच नव्हती. ती सगळी दृश्यं मी पन्नास मीटरवरून समोरून बघितलेली, आतून कधीच नाही.

हे बडोद्यात समजावणं मला सोपं जातं कारण आपलं गाव क्रिकेटचं. किरण मोरे आणि नयन मोंगिया, भारताचे एकापाठोपाठचे दोन विकेटकीपर आपल्या बडोद्याचे. सगळे म्हणतात विकेटकीपरला खेळ सगळ्यात चांगला दिसतो, आणि मोरे पुढे निवड समितीचे अध्यक्ष झालेच, धोनी २००४ ला पहिल्यांदा भारताकडून खेळला तो त्यांच्याच काळात. मग गोलकीपरबद्दल असं का नाही म्हणत? माझं मत असं की विकेटकीपर बॅटिंगही करतो. तो नेटमध्ये सगळ्यांबरोबर उभा असतो, त्याच बोलर्सना खेळतो, बॅट्समनचा त्रास त्याच्या अंगावर येतो. त्याला कोणी रोज "तिकडे जा" म्हणत नाही. नजर दोघांचीही तयार असते, पण गोलकीपर बाकीच्यांच्या कामापासून वर्षानुवर्षं लांब ठेवला जातो.

आता झॉफ. भाचा त्याचं करिअर वाचतोय हे चांगलंच आहे, पण मला वाटतं तो ट्रॉफ्या वाचतोय. मी त्याला तेच करिअर वेगळ्या क्रमाने वाचायला सांगेन.

झॉफ १९४२ चा, उत्तर इटलीतल्या मारियानो देल फ्रिउली नावाच्या छोट्या गावातला. चौदाव्या वर्षी इंटर आणि युव्हेंटस या दोन्ही मोठ्या क्लबनी त्याला उंची कमी म्हणून परत पाठवलं. मग तो मेकॅनिकचं काम शिकला, गावच्या टीमकडून खेळत राहिला, आजी रोज अंडी खाऊ घालायची ही गोष्ट तो स्वतः सांगत आलाय, आणि उंची वाढली. १९६१ ला उदिनेसेकडून सेरी आ, म्हणजे इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगमधली पहिली मॅच खेळला त्यात ५ गोल खाल्ले. तिथून मांतोव्हा, तिथून १९६७ ला नापोली, आणि युव्हेंटसमध्ये पोचला १९७२ ला, म्हणजे वयाच्या तिसाव्या वर्षी. ज्या क्लबने चौदाव्या वर्षी नको म्हटलं त्याच क्लबकडून नंतर अकरा सीझन, सहा वेळा लीग आणि १९७७ चा युएफा कप. इटलीकडून ११२ मॅच.

भाच्यासाठी यातली सगळ्यात कामाची दोन वर्षं मात्र वेगळीच आहेत. एक १९७०. झॉफ १९६८ ची युरो जिंकलेल्या टीमचा कीपर होता आणि तरी दोनच वर्षांनी मेक्सिकोच्या वर्ल्ड कपला तो बेंचवर बसला, अल्बेर्तोसी खेळला. फॉरवर्डला दुसरी जागा मिळते, विंगवर टाकतात, शेवटच्या वीस मिनिटांना उतरवतात, कीपरला असं काही नसतं, जागा एकच. म्हणून दुसरा कीपर असणं म्हणजे खेळाडू म्हणून संपणं नाही हे त्याला कोणीतरी समोर बसवून सांगायला हवं, ते तुम्ही सांगा.

दुसरं वर्ष १९७८. अर्जेंटिनाच्या वर्ल्ड कपला झॉफ ३६ वर्षांचा होता आणि शेवटच्या दोन मॅचेसमध्ये, हॉलंडविरुद्ध आणि ब्राझीलविरुद्ध, लांबून मारलेल्या शॉट्सवर त्याने गोल खाल्ले. हा म्हातारा झाला, याला आता लांबचं दिसत नाही असं लिहिलं गेलं. तो खेळत राहिला. चार वर्षांनी १९८२ ला स्पेनमध्ये ब्राझीलविरुद्ध ३-२ अशी मॅच, शेवटची मिनिटं, ऑस्करचा हेडर, आणि झॉफने तो लाइनवर जमिनीशी नुसता अडवला नाही तर धरून ठेवला. बॉल सुटला असता तर ३-३ झालं असतं आणि इटली बाहेर, कारण ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. त्यानंतर सहा दिवसांनी चाळीस वर्षांच्या झॉफने कॅप्टन म्हणून वर्ल्ड कप उचलला. भाच्याला ती सेव्ह बघू दे, पण सेव्हनंतर तो किती थोडं हलतो तेही बघू दे. हात घट्ट, शरीर बॉलच्या मागे, दिखाऊ काही नाही. लहानपणी दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करायचो तेव्हा आम्हाला पहिली शिकवण असायची ती पडायचं कसं याची, आणि पडल्यावर अंग कसं गोळा करायचं याची. झॉफला बघताना मला कायम ते आठवतं.

आता त्याचं मॅनेजर म्हणून करिअर, ज्याच्याकडे लोक पटकन बघून पुढे जातात आणि मला तेच जास्त शिकवून गेलं.

१९८३ ला खेळणं थांबवल्यावर त्याला कोणी लगेच मोठी टीम दिली नाही. वर्ल्ड कप जिंकलेला कॅप्टन, तरी सुरुवात युव्हेंटसमध्ये कीपर्सना शिकवण्यापासून. मग इटलीची ऑलिंपिक टीम त्याच्याकडे आली आणि १९८८ ला युव्हेंटसने त्याला हेड कोच केलं. त्याचा असिस्टंट कोण होता माहितेय? गाएतानो शिरेआ, १९८२ च्या त्याच टीमचा लिबेरो, म्हणजे डिफेन्समधला सगळ्यात मागचा मोकळा खेळाडू, वर्षानुवर्षं झॉफच्या पुढ्यात खेळलेला माणूस. माझ्या मते ही निवड फार विचारपूर्वक होती, निदान मी तशी वाचतो. जो भाग कीपरला आतून माहीत नसतो, म्हणजे मागून बॉल घेऊन पुढे कसं जायचं, लाइन कधी वर आणायची, त्या भागातला जगातला एक सर्वोत्तम माणूस त्याने शेजारी घेतला. मी स्वतः ती पाच गोलांची मॅच हरल्यावर जे केलं ते हेच होतं, एका जुन्या मिडफिल्डरला हात जोडून बोलावलं आणि दोन सीझन त्याच्या मागे वही घेऊन फिरलो, आणि सकाळच्या मोठ्या लोकांच्या गेममध्ये ग्लव्हज न घालता मिडफिल्डला खेळायला लागलो. फार वाईट खेळायचो पण त्या शांत पोराचा प्रश्न मला तिथे कळला.

पुढचं लिहिताना अजून वाईट वाटतं. सप्टेंबर १९८९ मध्ये शिरेआ पोलंडला गेला होता, युएफा कपमध्ये समोर येणाऱ्या गुर्निक झाब्झेची मॅच बघायला, आणि तिथे कार अपघातात गेला. ३६ वर्षांचा. झॉफने तो सीझन तसाच पुढे नेला आणि १९९० ला युव्हेंटसने युएफा कपही जिंकला आणि इटलीतला कोप्पा इतालिया हा कपही. दोन ट्रॉफ्या, मित्र गेलेला, आणि सीझन संपताच क्लबने त्याच्या जागी दुसरा माणूस आणला, कारण मॅनेजमेंटला वेगळ्या पद्धतीचा, जास्त अटॅकिंग खेळ हवा होता. मग लाझिओ, चार वर्षं कोच, आणि १९९४ ला त्याच क्लबचा प्रेसिडेंट. १९९८ ला इटलीची नॅशनल टीम.

युरो २००० तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. इटलीचा पहिला कीपर बुफोन स्पर्धेआधी जखमी झाला आणि तोल्दोला उतरवावं लागलं. सेमी फायनल हॉलंडविरुद्ध त्यांच्याच देशात, झांब्रोता पहिल्या हाफमध्येच रेड कार्ड घेऊन बाहेर, हॉलंडला चालू मॅचमध्ये दोन पेनल्टी मिळाल्या, एक तोल्दोने अडवली एक पोस्टला लागली, आणि मग शूटआउटमध्ये इटली जिंकली. दहा माणसांत एवढा वेळ फक्त बॉक्स सांभाळत राहायचं, हे मला कीपरने बसवलेल्या टीमचंच लक्षण वाटतं, मार खात असतानाही आकार सोडला नाही. फायनलला फ्रान्सविरुद्ध १-० पुढे, इंज्युरी टाइमचे शेवटचे क्षण, विल्तोरने बरोबरी केली आणि एक्स्ट्रा टाइममध्ये त्रेझेगेचा गोल्डन गोल, म्हणजे जो होताच मॅच तिथेच संपते. त्यानंतर मिलान क्लबचा मालक आणि राजकारणी बर्लुस्कोनीने फ्रान्सच्या झिदानला मार्क का केलं नाही म्हणून जाहीर टीका केली आणि झॉफने लगेच राजीनामा दिला. स्वतःच्या कामाचा अपमान सहन करून तो त्या खुर्चीत बसला नाही. मला त्याचा तो निर्णय तेव्हाही पटला होता, आजही पटतो. पुढे परत थोडा काळ लाझिओ, आणि २००५ ला फिओरेंतिनाला लीगमधून खाली जाण्यापासून वाचवलं, तिथे त्याचं कोचिंग संपलं.

हे सगळं एकत्र ठेवलं तर मला काय दिसतं सांगतो. मैदानावरचं त्याचं टेक्निक कोचिंगमध्ये कामाला आलं नाही, येऊच शकत नाही. कामाला आला तो गोल खाल्ल्यानंतरचा माणूस. कीपरच्या चुकीवर बोर्डावर लगेच आकडा बदलतो, बाकी कोणाच्या नाही, फॉरवर्डने तीन चान्स घालवले तरी चौथा मारला की तो हिरो. कीपर चूक करतो आणि त्याला त्याच जागेवर उभं राहून, चेहरा न बदलता, पुढच्या क्रॉससाठी डिफेंडर्सना आवाज द्यावा लागतो कारण त्याचा आवाज गेला की पुढचे चौघं घाबरतात. हेड कोचचं काम बरोबर हेच आहे. चूक दिसते, सगळ्यांसमोर दिसते, आणि तरी पुढच्या दहा मिनिटांत टीमला तुमच्याकडून काहीतरी स्पष्ट ऐकायचं असतं. माझ्याकडच्या कोच झालेल्या मुलांमध्ये हे कीपर्सना लवकर जमतं, हा माझा अनुभव आहे.

बाकीची उदाहरणं थोडक्यात. नुनो एस्पिरितो सांतो पोर्तोमध्ये व्हितोर बाइयाच्या मागे दुसरा कीपर होता, मोरिन्योच्या २००४ च्या चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या टीममध्ये. बेंचवरून त्याने काय बघितलं असेल विचार करा, कारण पुढे त्याने वुल्व्हजला २०१८ ला प्रीमियर लीगमध्ये आणलं आणि पाठोपाठ दोन वर्षं सातव्या नंबरवर ठेवलं. कीपर लोपेतेगी स्पेनकडून एकच मॅच खेळला, २०१८ च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर त्याला स्पेनच्या कोचपदावरून काढून टाकलं आणि दोन वर्षांनी त्याने सेव्हियाबरोबर युरोपा लीग जिंकली. माइक वॉकर इंग्लंडमध्ये खालच्या डिव्हिजनमध्ये कोलचेस्टरकडून वर्षानुवर्षं कीपिंग करत होता, त्याच्या नॉर्विचने १९९३ ला बायर्नला म्युनिकमध्ये जाऊन हरवलं. बेल्जियमचा रेमों गुतहाल्स पण कीपरच, १९९३ ला मार्सेसोबत चॅम्पियन्स लीग. आणि मिशेल प्रुदोम, १९९४ च्या वर्ल्ड कपचा सर्वोत्तम कीपर, त्याने स्टँडर्ड लिएजला २००८ ला २५ वर्षांनी लीग जिंकून दिली.

उलट बाजूही सांगायला हवी. पीटर शिल्टन, इंग्लंडकडून १२५ मॅच, कीपर म्हणून त्याच्याबद्दल कोणी वाद घालणार नाही. १९९२ ला प्लिमथ अर्गाइलचा मॅनेजर झाला, आल्या-आल्या टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेली, नंतर प्लेऑफमध्ये हरली आणि १९९५ पर्यंत सगळं संपलं. त्यामुळे मोठा कीपर होता म्हणून मोठा कोच होईल असं काही नसतं, आणि तुमच्या भाच्याच्या दृष्टीने हे चांगलंच आहे कारण उलटंही खरं आहे.

त्याच्या पिढीला अजून एक फायदा आहे जो झॉफला नव्हता. झॉफ पूर्ण करिअर ज्या नियमांत खेळला त्यात डिफेंडरने पायाने मागे दिलेला बॉल कीपर हातात उचलू शकायचा. १९९२ ला बॅकपासचा नियम आला आणि कीपरला पायाने खेळणं शिकावंच लागलं. २०१९ पासून गोलकिकचा बॉल आपल्या खेळाडूला आपल्याच बॉक्समध्ये घेता येतो, म्हणजे खेळ कीपरपासून सुरू होतो. २०२५ पासून हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त बॉल ठेवला तर समोरच्याला कॉर्नर. प्रत्येक नियमाने कीपरला बाकीच्या दहा जणांच्या जवळ आणलंय, म्हणून आज चांगल्या ठिकाणी कीपरला रोंडोमध्ये (गोल करून मधल्याला चुकवत पास देण्याचा सराव), पासिंगमध्ये घेतातच. भाच्याच्या टीममध्ये अजूनही "तिकडे" पाठवत असतील तर त्याने आपल्या कोचकडे आठवड्यातले दोन दिवस मागून घ्यावेत. दुसऱ्या कीपरला हे मागणं सोपं असतं, शनिवारच्या मॅचला तो खेळणार नसतो त्यामुळे कोच सहसा नाही म्हणत नाही.

कीपर कोच होणं कमीपणाचं आहे असं मात्र त्याच्या डोक्यात बसू देऊ नका. २०१४ च्या वर्ल्ड कपला हॉलंडने कोस्टा रिकाविरुद्ध एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी कीपर बदलला, टिम क्रुलला फक्त शूटआउटसाठी आणलं आणि त्याने दोन पेनल्टी अडवल्या. हेड कोच फान खाल होता, कीपर कोच फ्रान्स हुक, स्वतः जुना कीपर, आणि असा निर्णय कीपर्सना रोज बघणाऱ्या माणसाच्या भरवशावरच घेतला जातो. आपल्याकडे तर कीपर कोचेसची खरी गरज आहे, थंगराज, ब्रह्मानंद शंखवाळकर, सुब्रत पाल अशी नावं आपण घेतो पण जिल्ह्याच्या ग्राउंडवर अजूनही सगळ्यात उंच पोराला धरून गोलमध्ये उभं करतात आणि शिकवत कोणी नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. खेळणं सोडू नये, २० म्हणजे कीपरसाठी काहीच वय नाही, झॉफचं वर वाचलंतच. पण वाट बघत बसूही नये. भारतीय फुटबॉल फेडरेशनचं डी लायसन्स याच वर्षी करायला हरकत नाही, नंतर एएफसीचं (आशियाई फुटबॉल संघटना) सी, मग बी, ए आणि सगळ्यात वर प्रो, आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) हेड कोचला प्रोच लागतं. प्रत्येक पायरीमध्ये प्रत्यक्ष टीमबरोबर काम करण्याची वर्षं जातात त्यामुळे लवकर सुरू केलेलं बरं, फी आणि अटी बदलत असतात त्या त्याने फेडरेशनच्या साइटवर बघाव्यात. गोलकीपिंगचे वेगळे कोर्स आहेत, चांगले आहेत, पण माझा आग्रह असा की हेड कोच व्हायचं असेल तर आधी डी आणि सी करावं आणि मग गोलकीपिंगचं. आधी गोलकीपिंगचं केलं की क्लबवाले त्याला कीपर कोच म्हणूनच बोलावतात, एकदा तो शिक्का बसला की पुढची पाच-सहा वर्षं तीच कामं येतात. माझी सुरुवातीची वर्षं अशीच गेली.

त्याबरोबर एखाद्या शाळेची किंवा सोसायटीतल्या मुलांची टीम घ्यावी, पूर्ण टीम, फक्त कीपर्स नाही. पैसे फार मिळणार नाहीत हे घरात आधी स्पष्ट असू दे, सुरुवातीला बहुतेक सगळे नोकरी किंवा शिक्षण सांभाळून हे करतात, मीही केलं, सकाळी पोलो ग्राउंड आणि दहाला मकरपुऱ्याला ड्युटी. बेंचवर असताना वही ठेवावी. गोल का झाला हे कीपर लिहितोच, त्याने त्याच्या आधीचे तीस सेकंद लिहावेत, बॉल आपण कुठे घालवला, तेव्हा आपले कोण कुठे उभे होते. झॉफ, नुनो, कोणाचंही नाव घ्या, बेंचवरची जागा ही मैदानातली दुसरी सगळ्यात चांगली जागा आहे बघायला, आणि ती त्याला आत्ता फुकट मिळालीय. आणि आठवड्यातून एकदा ग्लव्हज घरी ठेवून मिडफिल्डला खेळावं, लाज वाटली तरी.

तुम्ही शेवटी लिहिलंय की घरात आम्ही मॅचचा विषय काढत नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून. तेवढं प्लीज करू नका. मी दोन सीझन बेंचवर होतो तेव्हा माझी आई काळजीपोटीच मॅचबद्दल विचारायची बंद झाली होती, आणि मला वाटायचं हिने मला सोडूनच दिलं. संध्याकाळी तो घरी आला की किती वेळ खेळलास विचारू नका, आज काय बघितलंस ते विचारा, आणि तो सांगायला लागला की मध्ये न बोलता ऐका, टेबलवरची वाटी-चमचे उचलून टीम मांडून दाखवायला लागला तर जेवण थोडं गार होऊ द्या.